इराणला हरवलं! त्या निमित्ताने आपल्या अंडर-१७ (आणि अंडर-२०) टीमचा जुना हिशोब

गोलपोस्टमागे :
३० नोव्हेंबर २०२५ला रांचीत कोहलीने सेंच्युरी ठोकली हे सगळ्यांना माहितीये. त्याच दिवशी अहमदाबादला आपल्या अंडर-१७ पोरांनी इराणला २-१ हरवून २०२६च्या आशियाई स्पर्धेत, म्हणजे सौदीला जागा मिळवली, हे आमच्या ऑफिसात विचारलं तर एकाला माहीत असेल तर शपथ. म्हणून धागा काढतोय.

मॅच कशी होती ते आधी सांगतो. आपल्याला जिंकायलाच हवं होतं, इराणला ड्रॉ पण चालला असता. आदल्या मॅचमध्ये लेबनॉनने आपल्याला २-० घातलेले, पॅलेस्टाइनशी १-१, चायनीज तैपेईला ३-१ हरवलं तेवढंच काय ते हातात. आणि इथे पहिला गोल पण इराणचाच. मला वाटलं झालं, बंद करा टीव्ही. मग हाफटाइमच्या तोंडावर पेनल्टी मिळाली, डल्लालमुओन गांगटेने मारली, १-१. दुसऱ्या हाफमध्ये सुरुवातीलाच गुनलेइबा वांगखेइराकपामचा गोल. आणि त्यानंतर उरलेला सगळा वेळ पोरं नुसती झुंजली राव, इराणी पोरं अंगापिंडाने डबल, लाँग बॉल टाकतायत, आपले हेडर मारतायत, पडतायत, उठतायत.

आता मुद्दा. आपल्या ज्युनियर फुटबॉलचा विषय काढला की लोक २०१७चा वर्ल्ड कप म्हणतात आणि त्यातला पण एकच गोल. पण मला विचाराल तर आपली खरी फूटपट्टी इराण आहे. १९७४ला बँकॉकच्या फायनलमध्ये समोर इराण, २०१६ला गोव्यात समोर इराण, २०१८ला मलेशियात समोर इराण आणि आता परत इराण. या चार मॅच नीट बघितल्या तर आपण कधी कुठे होतो ते कळतं, यजमान म्हणून फुकट मिळालेल्या वर्ल्ड कपात ते कळत नाही.

मिडऑफ :
कोहलीचे १३५ होते त्या दिवशी, सॉरी पण आम्ही तेच बघत होतो 😀
बाकी १९७४ला काय झालं होतं? सिरियसली विचारतोय.

कूपरेजकट्टा :
@मिडऑफ, १९७४ला आपण आशियाई चॅम्पियन होतो, अर्धे का होईना. आशियाई युवा स्पर्धा, तेव्हा ती अंडर-१९/२०च्या पोरांची असायची, बँकॉकला झाली. कोच अरुण घोष, १९६२च्या एशियाडमध्ये गोल्ड जिंकलेल्या टीममधले. कॅप्टन हैदराबादचा शब्बीर अली. फायनलला इराण, स्कोअर २-२, आणि दोघांना मिळून विजेते जाहीर केलं. आता पेनल्टी शूटआउट झाल्याशिवाय कोण घरी जाऊ देत नाही, तेव्हा चालायचं.

वयाच्या कुठल्याही गटात आशियाई विजेतेपद म्हणाल तर पुरुषांच्या फुटबॉलमध्ये त्यानंतर आपल्या हाताला काही लागलेलं नाही. शब्बीर अली पुढे मुंबईत टाटाकडून खेळले, ईस्ट बंगाल, मोहामेडनला गेले, ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०११ला. आमच्या पिढीतली मुंबईच्या कूपरेज मैदानाला जाणारी माणसं त्यांचं नाव अजून घेतात.

पण एक सांगू का, ७४चं गुणगान मला थोडं अति वाटतं. तेव्हा जपान कोरिया आजच्यासारखे नव्हते, अकादम्या वगैरे प्रकार नव्हता, सगळ्यांकडेच पोरं अशीच कुठूनतरी गोळा करून आणलेली. फरक पडला तो पुढच्या वीस-तीस वर्षांत. त्यांनी शाळेपासून सिस्टिम उभी केली, आपण निवड चाचणी घ्यायची, महिनाभर कॅम्प लावायचा, स्पर्धा खेळायची आणि टीम मोडायची. अंडर-१९/२०मध्ये तर २००६ला आपण स्वतः यजमान होतो (कोलकाता आणि बंगळुरू), त्यानंतर त्या गटात आशियाची मुख्य फेरी आपण बघितलेलीच नाही.

गोलपोस्टमागे :
+१. आणि १६-१७च्या गटात २००२चं नाव पण घ्यायला हवं, अमिरातीत झालेली स्पर्धा, कोच इस्लाम अख्मेदोव, क्वार्टरफायनलपर्यंत गेलो होतो. कोरियाने हरवलं. हे कोरियाचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

रंकाळा_राइटविंग :
धागा भारी हाय पण २०१७ला फुकट फुकट म्हनू नका राव. यजमान असलो म्हनून खेळलो हे खरं, पण त्या एका महिन्यात आमच्या कोल्हापुरात जे वातावरन हुतं ते तुम्हाला सांगून कळायचं न्हाई. अनिकेत जाधव आमचा. कोल्हापुरातनं निघून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथनं पुणे एफसीच्या अकादमीत, तिथनं डायरेक्ट इंडिया. अमेरिका मॅचला पोरगं पुढं खेळतंय म्हटल्यावर चौकात स्क्रीन लावलेली. तीन गोल खाल्ले तरी कोन उठलं न्हाई.

फातोर्ड्याचो :
@रंकाळा_राइटविंग देव बरें करूं 😊 आमच्याकडे उलट होतं. भारत दिल्लीला खेळत होता आणि फातोर्ड्याला आम्हाला जर्मनी, इराण बघायला मिळाले. इराणने जर्मनीला ४-० हाणलं ती मॅच आमच्याकडेच झाली. चार शून्य! आदल्या वर्षी याच गोव्यात अंडर-१६ आशियाई स्पर्धा झाली होती आणि इराणने आपल्याला ३-० हरवलेलं, तेव्हा सगळे आपल्या पोरांवर चिडले. वर्षभराने जर्मनीची पण तीच गत झाल्यावर जरा बरं वाटलं.

२०१६च्या त्या स्पर्धेत सौदीशी ३-३ ड्रॉ पण केला होता आपण, ती मॅच कोणाला आठवत नाही. अमिरातीशी २-३. म्हणजे तीन मॅचमध्ये पाच गोल केले आणि नऊ खाल्ले. गोल मारता येत होते, डिफेन्सचं काय ते बघा. शेवटी इराकने इराणला पेनल्टीवर हरवून कप नेला.

आणि वर्ल्ड कपसाठीची टीम बराच काळ आमच्या गोव्यातच कॅम्पला होती. २०१६च्या ऑक्टोबरात ब्रिक्स कप झाला इथेच, त्यात ब्राझीलविरुद्ध कोमल थाटालने गोल मारला. हरलो ३-१, पण सिक्कीमच्या पोराने ब्राझीलला गोल मारलेला आम्ही डोळ्यांनी बघितलाय.

मिडऑफ :
मग २०१७ला नक्की काय काय झालं ते कोणीतरी एकदा सविस्तर लिहा. मला फक्त दिल्लीचा धूर आणि एक हेडर आठवतो.

गोलपोस्टमागे :
लिहितो. आधी जर्मन कोच होते निकोलाय अ‍ॅडम, ते २०१७च्या सुरुवातीला गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस आले. म्हणजे वर्ल्ड कपला जेमतेम सात-आठ महिने असताना कोच बदलला. २१ पोरांपैकी ८ एकट्या मणिपूरची. कॅप्टन अमरजित सिंग कियाम, गोलकीपर धीरज सिंग, मिडफिल्डला सुरेश वांगजाम, सगळे तिकडचेच. आपल्या पूर्ण महाराष्ट्रापेक्षा मणिपूरची लोकसंख्या किती कमी आहे ते जरा डोक्यात आणा.

६ ऑक्टोबर, अमेरिका ०-३. पेनल्टीवर पहिला गोल जोश सार्जंटचा.
९ ऑक्टोबर, कोलंबिया १-२. हीच ती मॅच. पहिल्या हाफच्या शेवटी राहुल के. पी.चा शॉट पोस्टला लागला, तो आत गेला असता तर गंमत होती. मग दुसऱ्या हाफमध्ये पेन्यालोसाने गोल केला. ८२व्या मिनिटाला संजीव स्टालिनचा कॉर्नर आणि जॅक्सन सिंगचं हेडर. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. आणि पुढच्याच मिनिटाला पेन्यालोसाने दुसरा मारला!!! पोरं अजून सेलिब्रेशनमधून खाली उतरली नव्हती. माझ्या मते आपल्या ज्युनियर फुटबॉलचा अख्खा प्रॉब्लेम त्या एका मिनिटात दिसतो. टॅलेंट कमी नव्हतं, बरोबरी साधल्यावर पुढची पाच मिनिटं मॅच कशी थंड करायची हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, कारण तशा मॅच त्यांना खेळायलाच मिळाल्या नव्हत्या.
१२ ऑक्टोबर, घाना ०-४. शेवटचे दोन गोल ८६ आणि ८७व्या मिनिटाला. पाय संपले होते.

कूपरेजकट्टा :
आणि या मॅच खरं तर नवी मुंबईत व्हायच्या होत्या! भारताचा ग्रुप तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमला ठरला होता, मग सरकारच्या सांगण्यावरून दिल्लीला हलवला. आमच्या वाट्याला बाकीच्या मॅच आणि सेमीफायनल आली, स्पेनने मालीला ३-१ हरवलं ती. तरी गर्दी बघा तेव्हाची, पूर्ण स्पर्धेत १३ लाख ४७ हजारांवर लोक आले, तोपर्यंतच्या अंडर-१७ वर्ल्ड कपांमधला रेकॉर्ड. फायनलला कोलकात्यात इंग्लंड ०-२ मागे होतं आणि ५-२ जिंकलं. पुढे स्टार झालेला फिल फोडेन होता त्या टीममध्ये.

राज्य सरकारने तर सप्टेंबरात ‘मिशन वन मिलियन’ म्हणून एकाच दिवशी दहा लाख पोरांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम केला, शाळाशाळांत बॉल वाटले. आमच्या भागातल्या एका शाळेत ते बॉल पुढे कपाटात हवा जाऊन पडले होते कारण शाळेला मैदानच नाही. बॉल वाटणं सोपं असतं.

जर्सीसिटीकर :
२०१७च्या टीममध्ये आमच्या न्यू जर्सीचा पण एक पोरगा होता की, नमित देशपांडे! डिफेंडर. जन्म मुंबईचा, वाढला इकडे. इकडच्या महाराष्ट्र मंडळात तेव्हा काय चर्चा! गणपतीच्या आरतीनंतर लोक ऑफसाइड समजावून सांगत होते एकमेकांना. पहिलीच मॅच अमेरिकेशी आली म्हटल्यावर घराघरात मजा, मुलं एकीकडे आणि आईबाप दुसरीकडे.

मिडऑफ :
पण मग त्याच वर्षी आपण इटलीला हरवलं होतं ना? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं.

कूपरेजकट्टा :
हाहाहा, आला इटलीचा विषय! २०१७च्या मे महिन्यात "भारताने इटलीच्या अंडर-१७ टीमला २-० हरवलं" अशी बातमी आली, सगळीकडे अभिनंदन, ट्विट, हार-तुरे. मग कळलं की समोर इटलीची राष्ट्रीय टीम नव्हतीच, तिकडच्या खालच्या डिव्हिजनच्या क्लबांमधली पोरं निवडून केलेली टीम होती. पोरांची काय चूक, त्यांनी समोर आले त्यांना हरवलं. पण आपल्याकडे मोठ्या नावाला हरवल्याची एवढी भूक आहे की कोणाला आधी तपासावंसं वाटलं नाही.

रंकाळा_राइटविंग :
मग अर्जेंटिना? ती तर खरी हुती ना? की ती बी चंदगडची?

गोलपोस्टमागे :
ती खरी! ऑगस्ट २०१८, स्पेनमधली कोटिफ कप, आपली अंडर-२० टीम, कोच मुंबईचे फ्लॉइड पिंटो. अर्जेंटिना अंडर-२०ला २-१. दीपक टांगरीने चौथ्याच मिनिटाला हेडर मारला आणि दुसरा अन्वर अलीची फ्रीकिक, काय फ्रीकिक होती ती, यूट्यूबवर बघा. आणि समोरच्या बेंचवर कोण होतं माहितीये? लिओनेल स्कालोनी! सोबत पाब्लो आयमार. चार वर्षांनी हाच माणूस कतारमध्ये मेस्सीला वर्ल्ड कप जिंकून देतो. अर्थात ती स्पर्धा अर्जेंटिनानेच जिंकली हे पण सांगायला हवं.

आणि @रंकाळा_राइटविंग, चिडू नका पण दुसऱ्या हाफचा बराचसा वेळ आपण दहा जणांनी खेळलो, रेड कार्ड मिळालेलं ते तुमच्याच अनिकेतला 😜

रंकाळा_राइटविंग :
कोल्हापूरचं पानी हाय त्ये, अर्जेंटिनासमोर बी मागं सरत न्हाई 😂

फातोर्ड्याचो :
पण सगळ्यात चांगली टीम कुठली म्हणाल तर मी २०१८ची अंडर-१६ म्हणेन. कोच आमचे बिबियानो फर्नांडिस. मलेशियात आशियाई स्पर्धा होती. व्हिएतनामला १-०, विक्रम प्रताप सिंगची पेनल्टी. इराणशी ०-०, त्यात गोलकीपर नीरज कुमारने पेनल्टी अडवली. इंडोनेशियाशी ०-०, तो पण त्यांचे हजारो लोक स्टँडमध्ये ओरडत असताना. तीन मॅच, एकही गोल खाल्ला नाही. २०१६ला नऊ खाल्लेले आठवा!

क्वार्टरफायनल जिंकली असती तर थेट वर्ल्ड कप. यजमान म्हणून नव्हे, स्वतःच्या पायांवर. समोर कोरिया. ०-१. दुसऱ्या हाफमध्ये एक रिबाउंड आणि संपलं. ती मॅच बघून मी जेवलो नव्हतो. आणि गंमत बघा, तेव्हा आशियातून पहिल्या चार टीम जायच्या. आता वर्ल्ड कप ४८ टीमचा झालाय, दर वर्षी होतो, आशियातून आठ जातात. म्हणजे सौदीत फक्त ग्रुपमधून पुढे सरकलं की झालं. २०१८च्या त्या पोरांनी जे केलं तेवढंच आज केलं तर वर्ल्ड कप नक्की.

गोलपोस्टमागे :
हेच म्हणायचं होतं मला. आणि त्यांच्या पुढची बॅच २०१९ला ताश्कंदला गेली, बहारीनला ५-०, तुर्कमेनिस्तानला ५-०, उझबेकिस्तानला त्यांच्या घरी १-१. बिबियानोच कोच. ती २०२०ची मुख्य स्पर्धा कोविडमुळे रद्दच झाली! त्या पोरांचं वय निघून गेलं, बस. अंडर-१७ फुटबॉलमध्ये हे सगळ्यात वाईट, सीनियर खेळाडूला पुढची स्पर्धा असते, या पोरांना नसते.

मग २०२३ला थायलंड. व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तान ०-१, आणि जपानशी ४-८. हो, फुटबॉलचाच स्कोअर आहे. जपानला चार गोल मारणारी टीम आठ खाते. याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. २०२५च्या स्पर्धेला पात्रच झालो नाही.

अनुराधा_के :
मघापासून वाचतेय. सगळे ‘पोरं पोरं’ करताय, मुलींचं काय? वर्ल्ड कप त्या पण खेळल्यात, २०२२ला, आणि तो पण भारतातच. आधी २०२०ला होणार होता, कोविडमुळे गेला. २०२२ला परत मिळाला तर ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या फेडरेशनवर बंदी घातली, स्पर्धा हातची जाते की काय अशी वेळ, शेवटी दहा-अकरा दिवसांत बंदी उठली. या गोंधळात सोळा वर्षांच्या मुलींनी तयारी करायची. ग्रुपमध्ये अमेरिका, मोरोक्को, ब्राझील. ०-८, ०-३, ०-५. अष्टम उरांव कॅप्टन होती, झारखंडची. पुण्याची काजोल डिसूझा होती टीममध्ये, तिच्यासाठी आमच्या अकादमीतल्या मुली सगळ्या मॅच बघत होत्या.

त्या ०-८वर काय काय जोक झाले ते मी इथे लिहीत नाही. पण २०२५च्या ऑक्टोबरात काय झालं ते किती जणांना माहितीये? बिश्केकला अंडर-१७ मुलींनी एक गोल मागे पडून उझबेकिस्तानला २-१ हरवलं आणि आशियाई स्पर्धेत गेल्या. थांडामोनी बास्केला बदली म्हणून उतरवलं आणि तिने बरोबरीचा गोल केला, मग अनुष्का कुमारीचा. अंडर-२०च्या मुली त्याआधी ऑगस्टमध्ये यांगूनला म्यानमारला त्यांच्या घरी १-० हरवून पात्र झाल्या, वीस वर्षांनी. तुमच्या इराण मॅचला निदान हा धागा मिळाला.

गोलपोस्टमागे :
@अनुराधा_के, तुम्ही वेगळा धागा काढाच. मी पहिला प्रतिसाद देतो. शीर्षकात ‘मुलींनी २०२५ला जास्त कमावलं’ असं टाकलंत तरी माझी हरकत नाही, कारण ते खरंय.

जर्सीसिटीकर :
माझा प्रश्न वेगळा आहे. १७ला बरे दिसणारे हे खेळाडू २२ला कुठे जातात? इकडे त्या २०१७च्या मॅचमधला सार्जंट आमच्या सीनियर टीमकडून वर्ल्ड कप खेळला.

कूपरेजकट्टा :
अगदीच गायब नाही झाले. जॅक्सन, सुरेश, अन्वर अली, राहुल के. पी., रहीम अली हे सीनियर टीमकडून खेळले, अनिकेत पण खेळला, मध्ये इंग्लंडला ब्लॅकबर्नला ट्रेनिंगला जाऊन आला. अन्वरला तर हृदयाचा आजार निघाला होता, खेळणं बंद करायची वेळ आली होती, तिथून परत आला. धीरज एफसी गोवाकडून २०२१ला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये काय अडवत होता! म्हणजे बॅच वाया गेली असं कोणी म्हणू नये.

पण कारण बघा. त्या पोरांना वर्ल्ड कपनंतर इंडियन अ‍ॅरोज म्हणून एकत्र ठेवलं आणि आय-लीगमध्ये मोठ्यांसमोर दर आठवड्याला खेळवलं. हरायचे, शिकायचे. २०२२ला ती टीमच बंद केली. आता अठरा-एकोणीसचा पोरगा आयएसएल (आपली सगळ्यात वरची लीग) क्लबच्या बेंचवर ट्रॅकसूट घालून बसतो आणि स्ट्रायकरच्या जागी परदेशी खेळतो. वर्षभरात खऱ्या मॅच किती? विचारायची सोय नाही. आणि २०२५ला तर लीग केव्हा सुरू होणार हेच कोणाला माहीत नव्हतं.

रंकाळा_राइटविंग :
आमच्याकडं मॅच हायत, पोरांच्या न्हाईत. शाहू स्टेडियमला पाटाकडील-दिलबहार या आमच्या तालमींची मॅच लागली की मुंगी शिरायला जागा न्हाई. पेठापेठांत भांडनं. पन ती सगळी मोठ्यांची. बारा-चौदा वर्साच्या पोरांना वर्सभर चालनारी लीग द्या, दर रविवारी मॅच, मग बघा एक अनिकेत हाय तिथं धा निघतील. आता काय हुतं, पोरगं बरं खेळलं की घरचे पुण्याला पाठवतात न्हाईतर धावीच्या क्लासला घालतात.

माझा भाचा लई भारी लेफ्ट बॅक हाय. सौदीच्या टीमसाठी वय बसतंय का?

गोलपोस्टमागे :
१ जानेवारी २००९ किंवा नंतरचा जन्म हवा. आणि दाखल्यावर जाऊ नका, मनगटाचा एमआरआय काढतात.

रंकाळा_राइटविंग :
डिसेंबर २००८. गेलं की वो.

मिडऑफ :
थोडक्यात हुकलं 😢 बरं सौदीची मॅच टीव्हीवर दिसते का कुठे? यावेळी बघणार, क्रिकेट असलं तरी.

गोलपोस्टमागे :
मे महिन्यात आहे, तेव्हा आयपीएल चालू असेल, बघू किती टिकता ते. ड्रॉ आला की ग्रुप आणि वेळा इथेच टाकतो. इराण आमच्या ग्रुपमध्ये नको, बाकी कोणी पण चालेल.

फातोर्ड्याचो :
इराण पात्र झालाच नाही रे, आपणच बाहेर काढला ना त्याला! तू कोरियाची काळजी कर.